क्वाथाचे जल आणि विद्युत्-वाहकता

औषधनिर्मितीत आपण वनस्पतींची परीक्षा काटेकोरपणे करतो; ज्या जलात क्वाथ सिद्ध होतो, त्या जलाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. सुश्रुतसंहितेने सूत्रस्थानाच्या ४५व्या अध्यायात जलाचा विस्तृत विचार केला आहे. त्यास वाहकता-मापनाची जोड देता येते.

तत्त्व : जलात विरघळलेल्या क्षारांचे आयन वीज वाहून नेतात, क्षार अधिक, तर वाहकता अधिक. मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरमधील अंकास ०.५ ते ०.७ ने गुणिल्यास प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये विद्राव्य घनांचा अंदाज मिळतो.

कृती : मापक प्रथम १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात जुळवावा. इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित जलाने, नंतर नमुन्याच्याच जलाने धुवावा. मापन २५° से. तापमानास करावे, प्रत्येक अंशामागे वाहकता सुमारे २ टक्के वाढते.

महत्त्व : चतुर्थांश शेष ठेवताना जल उडते, क्षार मागे राहतात. काही कठीणपणा पात्रास थर होऊन बसतो. उरलेल्या क्षारांची तीव्रता सुमारे चौपट होते. एकूण घनांच्या परीक्षेत हे क्षारही वनस्पतीचे सार म्हणून मोजले जातात आणि दुर्बल क्वाथ सबळ भासतो. म्हणून तेच जल द्रव्याविना तितकेच आटवून त्यातील घन वजा करावेत, असे आम्ही सुचवितो.

मर्यादा : जंतू व कीटकनाशके या मापनाने कळत नाहीत, त्यांची परीक्षा स्वतंत्रपणे करावी. कूपनलिकेच्या जलाची वाहकता ऋतूनुसार बदलू शकते. प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी.