शिनजियांग, बेळगाव आणि माझा भूगोलाचा प्रकल्प

या सत्रात आमच्या भूगोलाच्या सरांनी प्रत्येक कॅडेटला एकेक वादग्रस्त सीमाप्रदेश वाटून दिला. कोणाला क्रिमिया मिळाला, कोणाला कुर्दिस्तान. माझ्या चिठ्ठीत शिनजियांग निघाले. नाव वाचून आधी वाटले, हे आपल्यापासून फारच लांब. प्रेपच्या वेळी भिंतीवरच्या नकाशाजवळ गेलो, तेव्हा कळले की ते लडाखच्या डोक्यावरच बसले आहे. १९५७ मध्ये चीनने शिनजियांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता पूर्ण केला, तो आपल्या अक्साई चीनमधून. १९६२ च्या युद्धामागच्या कारणांत हा रस्ता एक मोठे कारण होते. त्याही आधी लेहचे व्यापारी काराकोरम खिंड ओलांडून यारकंदला जात असत. नुब्रा खोऱ्यात आज जे दोन वशिंडांचे उंट दिसतात, ती त्याच व्यापाराची शिल्लक आहे.

शिनजियांग हा चीनच्या एकूण भूभागाचा सुमारे सहावा हिस्सा. मध्ये तक्लामाकान हे वाळवंट आणि त्याच्या कडेने काश्गर, यारकंद, खोतान अशी पाण्याकाठची जुनी गावे. तिथले उइगुर लोक तुर्की कुळातली भाषा बोलतात आणि धर्माने मुसलमान आहेत. १९४९ मध्ये चिनी सैन्य तिथे पोहोचले आणि १९५५ मध्ये ‘उइगुर स्वायत्त प्रदेश’ असे नाव मिळाले. नावात स्वायत्तता आली. कारभारात ती किती आली, हा वेगळा प्रश्न. १९५४ मध्ये सैनिकांतूनच ‘बिंगत्वान’ नावाची संघटना उभी राहिली. तिने शेते केली, कालवे काढले, शहरे वसवली आणि गरज पडली तर बंदूकही धरायची, अशी तिची रचना होती. तिच्यामागून पूर्वेकडचे हान चिनी मोठ्या संख्येने येत गेले. १९५३ च्या जनगणनेत उइगुर सुमारे ७५ टक्के आणि हान ६-७ टक्के होते. २०२० मध्ये उइगुर सुमारे ४५ टक्के आणि हान सुमारे ४२ टक्के आहेत.

आता विकासाकडे येऊ, कारण सरांचा मुख्य प्रश्न तोच होता: ‘विकासाने तंटा मिटतो का?’ चीनने २००० मध्ये पश्चिम भागाच्या विकासाची मोठी मोहीम काढली. महामार्ग आणि रेल्वे झाली. तारीम खोऱ्यातला नैसर्गिक वायू नळाने थेट शांघायपर्यंत गेला. चीनचा चार पंचमांशाहून जास्त कापूस आज एकट्या शिनजियांगमध्ये पिकतो. म्हणजे विकास झाला नाही असे कोणी म्हणू शकत नाही. पण चांगल्या नोकऱ्या चिनी भाषा येणाऱ्यांना मिळाल्या, तेलाच्या कंपन्यांत बाहेरून माणसे आली आणि गावचा मुलगा गावातच बेकार राहिला. हे लिहिणारा इल्हाम तोहती नावाचा उइगुर अर्थशास्त्रज्ञ बीजिंगमधला प्राध्यापक होता. त्याने वेगळा देश मागितला नव्हता. नोकऱ्या आणि भाषा यांबद्दल तो लिहीत होता. २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याआधी ५ जुलै २००९ रोजी उरुमची शहरात दंगल पेटली होती. त्यात सरकारी आकड्यानुसार १९७ माणसे मेली आणि त्यात हान लोक बरेच होते. हे सांगितले पाहिजे, कारण मारले जाणारे नेहमी एकाच बाजूचे नसतात. २०१७ पासून लाखो लोकांना छावण्यांत डांबले गेले. चीन त्यांना ‘व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे’ म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात म्हटले की, हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात.

एवढे सगळे मी वर्गात तावातावाने मांडले. टाळ्या पडल्या. मग माझ्या शेजारच्या बेडवरचा मित्र उभा राहिला. तो धारवाडचा आहे. त्याने शांतपणे विचारले, “सर, इससे पूछिए, इसके बेलगाम का क्या?” सगळा वर्ग हसला. मला राग आला. शिनजियांग आणि बेळगाव एका वाक्यात घ्यायचेच कसे? पण सर म्हणाले, “पुरवणी प्रकल्प म्हणून कर.” आता हाऊसच्या गुणांचा प्रश्न होता, म्हणून बसलो.

बेळगावची गोष्ट आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकली, पण एकाच बाजूने. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा इकडे राहिला. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केले आणि त्याच वर्षी केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली होती. आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे द्यावीत असे सुचवले, निपाणी आणि खानापूरही त्यात होते. पण बेळगाव शहर नाही. बेळगावच्या तीन बाजूंना कन्नड मुलूख आहे, असे त्यांचे कारण. त्याच अहवालात दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट कर्नाटकला द्यावे असेही होते, हे मला घरात कोणी कधी सांगितले नव्हते. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक म्हणते तोच अंतिम. आणखी एक गोष्ट मला लिहायला जड जाते: संपूर्ण जिल्हा धरला तर आज सुमारे दोन तृतीयांश लोकांची मातृभाषा कन्नड आहे. मराठी माणूस आहे तो मुख्यतः शहरात आणि पश्चिमेच्या तालुक्यांत. महाराष्ट्राची मागणी म्हणूनच जिल्ह्याची नाही, गावागणिक आहे.

विकास इथेही झाला. उद्यमबागमध्ये फाउंड्र्या आणि हायड्रॉलिकचे कारखाने आहेत, हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनतात, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून इथे आहे. २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि कर्नाटकचे हिवाळी अधिवेशन तिथे भरू लागले. २०१४ मध्ये शहराचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. माझा काका उद्यमबागेत मोल्डिंगचे काम करतो. त्याच्या शेडमध्ये अर्धे कन्नड आणि अर्धे मराठी आहेत. डबा एकत्र खातात आणि दोन्ही भाषांत शिव्या देतात. तिथे तंटा नाही. तरी दरवर्षी १ नोव्हेंबरला शहराच्या एका भागात राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या भागात काळ्या दिवसाची सायकल फेरी.

मग तंटा कुठे आहे? याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, दिवाळीच्या सुटीत खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी मिळाले. आजोबा गेल्यावर शेताच्या वारसा नोंदीबद्दल एका कार्यालयातून नोटीस आली होती. ती पूर्ण कन्नडमध्ये. आजीला मराठीच वाचता येते. काका कन्नड फाडफाड बोलतो, पण कायद्याची कन्नड त्याला वाचता येत नाही. नोटीस देव्हाऱ्याच्या फळीवर तीन आठवडे पडून होती. मी काकाच्या फोनवरून तिचा फोटो धारवाडच्या त्याच मित्राला पाठवला. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. हरकत घ्यायला नोटिशीच्या तारखेपासून ३० दिवस होते आणि चारच उरले होते. आजोबांच्या नावापुढे आजीचे नाव नव्हतेच. दुसऱ्या दिवशी काकाने खाडा करून अर्ज दिला.

जिल्हा, तालुका किंवा शहरात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील, तर महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, असे संरक्षण आपल्या देशात मान्य झालेले आहे. घटनेच्या ३५०-अ कलमात मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची तरतूद आहे. आजीला सौध कोणत्या राज्याचे याचे काही पडलेले नाही. तिला कागद वाचता यायला हवा.

म्हणून बेळगाव म्हणजे शिनजियांग का? नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली, हे खरे. २००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून ती बरखास्त झाली, हेही खरे. पण महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडणूक लढवतात, अनेकदा जिंकले आहेत आणि विधानसभेत उभे राहून भांडले आहेत. तोहतीला ते करता आले नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच सैन्याचे जवान आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावातच आहे.

माझ्या मित्राने मला सांगलीच्या जत तालुक्याबद्दलही वाचायला लावले. तिथे कन्नड बोलणारी गावे महाराष्ट्रात आहेत. पाणी मिळत नाही म्हणून २०१२ मध्ये तिथल्या ४० गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तोच ठराव पुन्हा उकरून काढला, दोन्हीकडच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, आणि मग जतच्या म्हैसाळ विस्तारित पाणी योजनेला घाईघाईने गती आली. दहा वर्षे जे पाणी मागून मिळाले नाही, ते सीमेचे नाव निघताच हलले. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवले. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावा करायचा नाही आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती नेमायची, असे ठरले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून चालू आहे. माझा जन्म त्यानंतरचा.

पुरवणी प्रकल्पाला वीसपैकी सोळा गुण मिळाले. सरांनी जतच्या भागाखाली लाल शाईने लिहिले, ‘नकाशा काढला नाहीस.’ तो आता काढतो आहे. कन्नड नावे मित्र लिहून देणार आहे. आजीच्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.