जुन्या रायफलींचा निवाडा

प्रिय बाळास,



कोल्हारची एअर रायफल रेंज आता तू सांभाळणार, हे ताईकडून कळलं. फार समाधान वाटलं. तुझी यादी आणि फोटोही मिळाले. नळी मोडून भरायच्या चार देशी बंदुका, बाजूच्या दांड्याच्या दोन फाइनवर्कबाऊ 300 एस, एक वॉल्थर एलजीआर, सिलिंडरच्या दोन रायफली आणि एक पिस्तूल. तू विचारलंस, "मामा, यातलं काय ठेवू, काय विकू आणि कशावर पैसे घालू?" संस्थेनं दिलेली रक्कम एका नव्या परदेशी रायफलीलाही पुरणार नाही. त्यामुळे प्रश्न खरा आहे आणि घाईनं सोडवण्यासारखा नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. रायफलीचं वय आणि तिच्यावरचं नाव बघून निवाडा करू नकोस. तिनं कागदावर पाडलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बघ आणि ती उचलणारं पोर बघ. या दोन कसोट्यांवर उतरेल ती ठेवायची, थोड्या खर्चानं उतरणार असेल तर तेवढा खर्च करायचा, आणि उतरणारच नसेल तर मोह सोडायचा.

कागदाचा एवढा आग्रह का, ते आकड्यांत बघ. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अवघा 0.5 मिमी व्यासाचा ठिपका. नऊचं वर्तुळ 5.5 मिमी, आठचं 10.5 मिमी. पेलेट स्वतःच 4.5 मिमीचा. शिवाय आता गुण दशांशात मोजतात, एका फटक्याला जास्तीत जास्त 10.9. म्हणजे रायफल स्वतःहून दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे जात असेल, तर पोराचा दोष कुठला आणि हत्याराचा कुठला, हे तुला कधी कळणारच नाही. पोर स्वतःला दोष देत बसेल आणि वर्षभरात खेळ सोडेल. जुनं हत्यार वापरल्यानं नुकसान होत नाही, न तपासलेलं हत्यार पोराच्या हाती दिल्यानं होतं.

तपासणी सकाळी लवकर कर. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी रायफलही तापते आणि माणूसही. एकाच डब्यातले सपाट तोंडाचे पेलेट घे. वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक रायफलीतून दहा-दहा फटके मार, प्रत्येक रायफलीचे तीन कागद कर आणि कागदावर तारीख, रायफलीचा नंबर, पेलेटचं नाव लिही. सिलिंडरची रायफल घट्ट टेकवलीस तरी चालते. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीला मात्र शिकंज्यात कधी आवळू नकोस. पेलेट नळीतून बाहेर पडण्याआधीच तिचा पिस्टन तिला हलवतो. तिला ती हालचाल करू दिली नाही तर ग्रुप फिसकटतो आणि चांगल्या बंदुकीवर उगाच ठपका येतो. पिशवीवर आपला तळवा ठेवायचा आणि बंदूक तळव्यावर सैल विसावू द्यायची. चांगल्या मॅच रायफलीच्या दहा फटक्यांचं मिळून एकच फाटकं भोक दिसायला हवं, सात-आठ मिलिमीटरच्या आत. नवशिक्यांच्या देशी बंदुकीकडून मी तेवढी अपेक्षा करणार नाही; पण तिचा ग्रुप रोज त्याच जागी पडला पाहिजे.

आता एकेकीचं सांगतो.

चार देशी बंदुकांपैकी दोन तरी ठेव. नवं पोर पहिल्या दिवशी सुरक्षितता शिकतं ते याच बंदुकीवर: नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि सांगितल्याशिवाय भरायचं नाही. स्प्रिंगची बंदूक फटका सुटल्यावरही धरून ठेवायला शिकवते, कारण जरा सैल सोडलं की ती लगेच दाखवून देते. त्यांची डागडुजीही स्वस्तात होते. नळीच्या बुडाशी वॉशर असतो, आत पिस्टनचं सील आणि स्प्रिंग. फटक्याचा जोर कमी झाला असेल तर बहुतेक वेळा या तिघांपैकीच एखाद्याचा दोष असतो. नळीच्या बुडावर टिश्यू पेपरचा तुकडा धरून फटका मार. कागद फडफडला तर वॉशर गेलाय. चामड्याचं सील कोरडं पडलं असेल तर सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब पुरे. इंजिन ऑइल, खोबरेल, हाताशी असेल ते तेल आत सोडायची आपल्याकडे सवय आहे. ती मोड. दाबानं आत उष्णता तयार होते, तेल पेट घेतं, आणि फटका जोरात बसला म्हणून माणूस खूश होतो, तोवर सील आणि स्प्रिंग दोन्हींचं आयुष्य सरत असतं. आणखी एक बघ: नळी उघडी असताना कुणी ट्रिगर ओढला असेल तर नळी झटक्यानं वर येऊन वाकते. तशी वाकलेली असेल तर ती बंदूक वाचवत बसू नकोस.

दोन्ही 300 एस मात्र कुणी कितीही भाव दिला तरी विकू नकोस. सत्तरच्या दशकात या रायफलीनं जगभरच्या स्पर्धा गाजवल्या. हिलाही स्प्रिंगच आहे, पण तिचा सगळा वरचा भाग फटक्याबरोबर रुळावर मागे सरकतो, त्यामुळे नेमबाजाला धक्का जवळजवळ जाणवत नाही. तिला सिलिंडर नको, कॉम्प्रेसर नको, वीज नको. कोल्हारात लोडशेडिंग असो की नसो, ती चालते. तिचं दुखणं एकच, आतला रबरी बफर आणि सील वर्षांनी झिजून चुरा होतात. दांडा ओढताना आत खरखर लागली किंवा नळीतून काळपट भुसा आला, तर खोलून घ्यायची वेळ झाली समज. हा खर्च कर, तो दोन्ही रायफलींना आणखी काही वर्षं देईल. पेलेट बसवताना दांडा दुसऱ्या हातानं धरूनच ठेवायचा, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव. दांडा निसटला तर बोट जातं.

वॉल्थर एलजीआरचा निर्णय पोरांकडे बघून घे. 1974 च्या सुमारास आलेली ही रायफल एका दांड्यात एका फटक्याची हवा भरते. तिला स्प्रिंगचा धक्का नाही, आणि फटका बहुतेक वेळा सारखा जातो. पण दांडा जड आहे. बारा वर्षांच्या मुलीला साठ फटक्यांच्या सामन्यात तो साठ वेळा ओढायचा आहे, आणि चाळिसाव्या फटक्यापासून तिचे खांदे थरथरणार. मोठ्या मुलांमध्ये कुणी नियमित सराव करणारा असेल तर सील बदलून त्याला दे. तसं कुणी नसेल आणि दुसऱ्या एखाद्या क्लबला ती हवी असेल तर ही खुशाल विक. सुटे भाग मिळवायला कष्ट पडतात, आणि रेंजच्या कपाटात दोन वर्षं पडून राहिलेलं हत्यार कुणाच्याच कामाचं नसतं.

सिलिंडरच्या रायफलींबाबत सर्वांत जास्त सावध राहा, कारण इथे प्रश्न गुणांचा नाही, जिवाचा आहे. आत साधारण 200 बार दाबाची हवा असते. ट्रकच्या टायरमध्ये दहा बारही नसतो, यावरून अंदाज कर. सिलिंडरवर तयार झाल्याचा महिना-वर्ष कोरलेलं असतं आणि या स्पर्धेच्या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षं असते. तुझ्या फोटोत एकीची मुदत केव्हाच उलटलेली दिसते. आजच तो सिलिंडर काढ, हवा सोडून रिकामा कर आणि बाजूला ठेव. तो पुन्हा भरायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. मुदतीत सिलिंडर ठेवणं ही नेमबाजाची जबाबदारी मानली जाते, आणि सामन्याला गेल्यावर तिथं अडवलं तर वर्षभराचा सराव वाया जातो. रायफल मात्र टाकू नकोस. तिच्या मापाचा नवा सिलिंडर मिळाला तर रायफल पुन्हा उभी राहते. यादीतला माझ्या मते सर्वांत योग्य खर्च हाच.

हवा भरताना ती कोरडी असली पाहिजे. पावसाळ्यात प्रवरेकाठच्या दमट हवेत हातपंपानं घाईघाईनं भरलेल्या सिलिंडरच्या आत पाणी साचतं आणि आतून गंज धरतो. पंपाला सुकवणी असलेला फिल्टर लाव आणि मधेमधे थांबून पंप निवू दे. ऑक्सिजन किंवा दुसरा कुठलाही वायू कधीही भरायचा नाही. सिलिंडरच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर या कामाचा नाही, हे पोरांनाही समजावून सांग.

पिस्तूल ठेव. दहा मीटर पिस्तुलाच्या ट्रिगरनं किमान 500 ग्रॅम वजन उचललं पाहिजे, हा नियम आहे. आधी तेवढं वजन टांगून बघ. कुणी स्क्रू फिरवून तो हलका करून ठेवला असेल तर दुरुस्त कर. रायफलीला अशी वजनाची अट नाही, पण म्हणून नवशिक्याच्या हाती केसाइतक्या हलक्या ट्रिगरची रायफल देऊ नकोस.

खर्चाचा क्रमही सांगतो. आधी सिलिंडर आणि सील, म्हणजे सुरक्षितता. मग पेलेट, कारण एका रायफलीला एका कंपनीचा पेलेट मानवतो, दुसरीला दुसऱ्याचा, आणि हे कागदावर बघितल्याशिवाय कळत नाही. मग डोळ्याजवळचा डायॉप्टर साइट आणि गालाची फळी. मुलं वर्षाला दोन इंच वाढतात. दस्त्याची लांबी आणि गालाच्या फळीची उंची त्यांच्याबरोबर बदलता आली पाहिजे. एकाच रायफलीवर तीन पोरं सराव करत असतील तर प्रत्येकाची मापं त्याच्या वहीत लिहून ठेव. नवी रायफल या सगळ्यानंतर. भारतातही आता चांगल्या एअर रायफली बनतात, त्यामुळे पुढच्या वर्षी पैसे साठले तर त्या आधी बघ.

वहीचा आग्रह मी उगाच धरत नाही. 2008 मध्ये बीजिंगला अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्राचा फटका चारच्या वर्तुळात गेला. साइट हललेली होती. त्याला आपलं हत्यार पूर्ण माहीत होतं म्हणून त्यानं ते जागच्या जागी सुधारलं आणि देशाचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण आणलं. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन पदकं जिंकली. हत्याराची देखभाल हा सरावाचाच भाग आहे, हे पोरांना या दोघांच्या गोष्टींतून पटेल.

आणि गावातल्या पोरांनी कुठवर जावं, असं कुणी विचारलं तर स्वप्नील कुसाळेचं नाव सांग. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, तिथून शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत नाशिकला, मग रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. राहाता तालुक्यात पेरू-डाळिंबाच्या बागा राखणारी, उसाच्या गाड्यांमागे धावणारी पोरं यांच्यापेक्षा चिवटपणात कमी नाहीत. त्यांच्या हाती सरळ मारणारं हत्यार असलं पाहिजे, एवढीच आपली जबाबदारी.

आता विक्रीचं. आधी प्रत्येक रायफलीचे कागद शोध. खेळाडूंच्या सवलतीत आयात झालेलं हत्यार असेल तर ते विकण्यावर बंधनं असू शकतात. नेमबाजी संघटनेकडे विचारून लेखी उत्तर घे. 4.5 मिमीच्या, ठरलेल्या ताकदीपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून ती कुणालाही द्यावी असा त्याचा अर्थ नाही. घेणाऱ्याचं ओळखपत्र, पावती आणि नंबर रजिस्टरात लिही. घेणारा शाळा, क्लब किंवा सराव करणारा खेळाडूच असावा. भगवतीमातेच्या यात्रेत फुगे फोडण्याच्या बंदुका लावणाऱ्यांपैकी कुणी विचारायला येईल. त्यालाही नकार दे. तिथं डोळ्यावर चष्मा नसतो आणि मागं पेलेट अडवायला धड पाटही नसतो. जी बंदूक दुरुस्तच होणार नाही, तिची नळी कापून मगच भंगारात दे, अखंड कधीच देऊ नकोस.

मोर, पारवे, होले टिपण्यासाठी बंदूक मागणारेही तुझ्या दाराशी येतील, जास्त भाव घेऊन येतील. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, पण मी तुला कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. भाव निम्मा मिळाला तरी चालेल, रायफल कपाटात पडून राहिली तरी चालेल, पण आपल्या रेंजवरचं एकही हत्यार पाखरं मारणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा