सिमेटरी : एका शब्दाचा अर्थ

नोव्हेंबर महिना उजाडला की आपण सिमेटरीत जातो. कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. 'सिमेटरी' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा अर्थ आपण सहसा विचारत नाही. (फलकांवर मात्र त्याचे इंग्रजी स्पेलिंग हमखास चुकते. त्यात तीनदा 'ई' आहे, 'ए' कुठेच नाही!)

हा शब्द मूळचा ग्रीक. 'कोइमेतेरिऑन' म्हणजे झोपण्याची जागा, शयनगृह. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती भाविकांनी आपल्या दफनभूमीला हे नाव दिले. पोप झेफिरिनस यांनी रोममधील ज्या दफनभूमीची देखरेख कॅलिक्स्टस यांच्याकडे सोपवली, तिलाही हाच शब्द वापरलेला आढळतो. हे कॅलिक्स्टस पुढे पोप झाले.

या नावामागची श्रद्धा शुभवर्तमानातली आहे. लाजरस मरण पावला तेव्हा प्रभू येशू शिष्यांना म्हणाला की, तो झोपला आहे (योहान ११:११). शिष्यांना वाटले, झोप लागली म्हणजे आता बरा होईल! तिथले ग्रीक क्रियापद आणि 'सिमेटरी' यांचे मूळ एकच. संत स्तेफनच्या मरणाविषयीही तेच क्रियापद येते (प्रेषितांची कृत्ये ७:६०).

इंग्रजीतला 'ग्रेव्ह' खणण्याशी नाते सांगतो. 'ग्रेव्हयार्ड' म्हणजे नुसते कबरींचे आवार. आपला 'स्मशान' शब्द मात्र जवळचा निघतो. यास्काचार्यांनी निरुक्तात त्याची फोड 'शरीराच्या शयनाची जागा' अशी केली आहे. आपण त्यात एवढेच जोडतो की, झोपलेला उठणार आहे.

दहनाचा प्रश्न आता आपल्याही घरांत येतो, विशेषतः परदेशी वारलेल्या नातलगांबाबत. ख्रिस्तसभेने १९६३ साली दहनास मुभा दिली, तरी दफनच अधिक पसंत केले. २०१६ च्या सूचनापत्रानुसार रक्षा सिमेटरीत किंवा अन्य पवित्र जागी ठेवावी. ती समुद्रात सोडू नये, भावंडांत वाटून घेऊ नये, सहसा घरीही ठेवू नये. घरातली रक्षा एका पिढीनंतर कोण सांभाळणार? सिमेटरीत मृतांसाठी सगळा धर्मग्राम प्रार्थना करतो. निर्णय घेण्यापूर्वी फादरांशी बोलावे.

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत सिमेटरीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास, पापनिवेदन, कम्युनियन आदी नेहमीच्या अटी पाळून, पूर्ण दंडमुक्ती मिळते. ती मृतांसाठीच अर्पण करायची असते.