जनुक तेच, काम निराळे

यवतमाळकडच्या जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी असते. वरण-भाजीतून फोलेट मिळते. बी-१२ जीवनसत्त्व मात्र त्यांत नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते.

या दोहोंच्या साहाय्याने शरीर मिथिल गट पुरवते. ते डीएनएवर बसले की पुष्कळदा तेथील जनुकाचे काम मंदावते.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या ६ खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. फोलेट जास्त पण बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत ६ व्या वर्षी इन्शुलिनचा प्रभाव कमी आढळला. ही मधुमेहाची वाट! मिथिल गटांतील बिघाड हे त्याचे एक कारण असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

आज आईच्या वाट्याला दूध-दही उरते का, पाहा बरे!