घर विकण्याआधी एक महिना

चिंचवडच्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नव्हती. तिसरा मजला, आणि हिचे गुडघे कामातून गेलेले. मूलबाळ नाही. जागा विकली आणि पुण्याबाहेरच्या एका वृद्धनिवासात राहायला गेलो. समोर हिरवळ, कोपऱ्यात दत्ताचं देऊळ. ही हरखून गेली होती.

हिशेब मी दहादा मांडला होता. जागेचे ३८ लाख आले. त्यातले ८ लाख अनामत भरली, ३० लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००. कारखान्याची ईपीएस पेन्शन २,८७०. निवासाचे दोघांचे २२,०००. म्हटलं, बसतंय. पण पोस्टाचा दर पाच वर्षं तोच राहतो, या पेन्शनला महागाई भत्ता नाही, आणि करारात दरवर्षी दहा टक्के वाढ होती. दुसऱ्याच वर्षी २४,२०० भरावे लागले. तेव्हा आमचं येणं होतं २३,३७०.

तेही ओढाताण करून निभावलं असतं. दीड वर्षाने एका पहाटे ही न्हाणीघरात पडली. भिंतीला धरायला दांडी नव्हती. नळाला धरायला गेली आणि नळच हातात आला. खुब्याचं हाड मोडलं. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवलं होतं, म्हणून ऑपरेशनचा भार अंगावर पडला नाही. ते कार्ड ज्यांनी काढलं नसेल त्यांनी या आठवड्यात काढावं. मात्र दवाखान्यातून घरी आल्यावर उठवायला-बसवायला जे माणूस लागतं, त्याचे पैसे त्या कार्डातून मिळत नाहीत.

परत आलो तर व्यवस्थापकांनी करार पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ‘स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी’. खाली माझी सही. ब्यूरोची मावशी बारा तासांचे ७०० रुपये घेणार, म्हणजे महिन्याला २१,०००. सोडून जायचं तर तीन वर्षांच्या आत म्हणून अनामतीतले २ लाख कापले जाणार, आणि उरलेली रक्कम खोली दुसऱ्या कुणी घेतल्यावर मिळणार. आम्ही सोडलं. हातात पैसे हवे म्हणून पोस्टाचं खातं मोडलं. दोन वर्षांच्या आत मोडलं म्हणून दीड टक्का गेला, ४५,००० रुपये. मधूनच थोडे काढता येत नाहीत. तीच रक्कम तीन खात्यांत ठेवली असती तर एकच मोडावं लागलं असतं.

आता तळेगावात तळमजल्यावर भाड्याने राहतो. ही काठी घेऊन ओट्यापर्यंत जाते.

कुणी विचारलं तर मी सांगतो, निवास बघायला जाल तेव्हा हिरवळ नंतर बघा. अंथरुणाला खिळलेले लोक कुठे ठेवलेत ते आधी विचारा आणि तिथे अर्धा तास बसा. अशी खोलीच नसेल, तर तुम्ही पडलात की तुम्हाला बाहेर पडावं लागेल. करार घरी आणून ओळखीच्या वकिलाला दाखवा. वाढ किती टक्के, अनामत किती दिवसांत परत, दोघांतलं एक गेलं तर दुसऱ्याचं काय, हे लेखी नसेल तर सही करू नका. ज्येष्ठांसाठी म्हणून बांधून विकल्या जाणाऱ्या घरांना राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, म्हणजे महारेराने, २०२४ साली रुंद दारं, रॅम्प, धरायच्या दांड्या अशा गोष्टींची नियमावली दिली आहे. ती यादी भाड्याच्या घरातही हातात घेऊन फिरा. अडलं तर १४५६७ या एल्डरलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत.

आणि जुनी जागा लगेच विकू नका. इथलं आमच्या समोरचं जोडपं तसंच घर विकायला निघालं होतं. दोन संध्याकाळी बसून मी त्यांना आमचे सगळे कागद दाखवले. आता ते महिन्याचे पैसे भरून एका वृद्धनिवासात राहून बघताहेत. घराला कुलूप आहे, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी मी घालतो.