ओट्यावर चढणारी मनी



2025 च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यात आठवीतली एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन घुटमळत उभी राहिली. काय गं, म्हणून विचारले तर म्हणाली, "बाई, मांजराला शिकवता येतं का हो? कुत्र्याला शिकवतात तसं?" प्रश्न सोपा वाटला, पण तिचा चेहरा सोपा नव्हता. खोदून विचारल्यावर हकिगत कळली.

2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला होता, तो आपण सर्वांनी अनुभवला आहे. त्या दिवसांत सयाजीगंजातल्या यांच्या इमारतीच्या जिन्यात एक भिजलेले पिल्लू सापडले. तीच ही मनी. वर्षभरात ती अंगाने भरली आणि स्वयंपाकघरातला ओटा हा आपलाच, असे तिने ठरवून टाकले. दिवाळीत आजींनी करंज्या करून ओल्या पंचावर मांडून ठेवल्या होत्या. मनीबाई त्यांच्यावरून चालत खिडकीत गेल्या. वडिलांनी वर्तमानपत्राची सुरळी करून तिला एक ठेवून दिली, तिने वडिलांच्या हातावर ओरखडा काढला, आणि आजींनी निकाल दिला : "मांजर मारायचं पाप मला नको. पण मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आत हिला पोत्यात घालून विश्वामित्रीपलीकडे सोडून या."

म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी पालकांसाठी सांगते, कारण त्या थांबण्यासारख्या नाहीत. मांजराचा ओरखडा किंवा चावा किरकोळ समजू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज मांजरापासूनही होतो. (वडिलांनी इंजेक्शने घेतली. मनीलाही लस टोचली.) दुसरे, पोत्यात घालून सोडून येणे. काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागू नये म्हणून आपल्याकडे ही पळवाट निघाली असावी. पण घरात वाढलेल्या मांजराला अनोळखी जागी ना अन्न शोधता येते, ना तिथल्या कुत्र्यांपासून पळण्याच्या वाटा ठाऊक असतात. पाळलेला प्राणी उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

आता पाठाकडे वळू.

मांजराला शिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1898 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लाकडी खोक्यात भुकेले मांजर ठेवायचे, बाहेर खाऊ ठेवायचा. आतली दोरीची कडी ओढली की दार उघडे. मांजर आधी बोचकारे, धडका देई, आणि धडपडीत कधीतरी पंजा कडीत अडके. एका मांजराला पहिल्या खेपेस बाहेर पडायला 160 सेकंद लागले. दोन डझन खेपांनंतर तेच मांजर सहा-सात सेकंदांत बाहेर येऊ लागले. मधल्या खेपांचा वेळ एकदम उतरला नाही, वरखाली होत हळूहळू कमी झाला. म्हणजे मांजराच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला असे झाले नाही. ज्या हालचालीतून फायदा झाला ती टिकली, बाकीच्या गळून पडल्या. यालाच पुढे परिणामाचा नियम म्हणू लागले.

मांजराला आपले बोलणे कळतच नाही, असेही कोणी म्हणेल. 2019 साली जपानमधील अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पाळीव मांजरे स्वतःचे नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखतात. ओळखूनही येत नाहीत, हा भाग वेगळा.

थॉर्नडाइकचा नियम आपल्या ओट्याला लावून पाहा. मनी ओट्यावर का चढते? ती खोडकर आहे म्हणून नव्हे, आपल्यावर डूख धरून तर नव्हेच. ओटा तिला काहीतरी देतो म्हणून चढते. काय देतो, ते शोधले पाहिजे. मी त्या मुलीला एवढेच सांगितले, की सात दिवस मनीला रागावायचे नाही. एक वही घ्यायची आणि ती ओट्यावर चढली की वेळ, त्या वेळी ओट्यावर काय होते, घरात कोण होते, आणि पुढे काय झाले, हे चार रकान्यांत लिहायचे. घरातल्या सगळ्यांनी लिहायचे, आजींनीसुद्धा.

मांजर उंच जागी का बसते, हे मुलांनी आधी समजून घ्यावे. मांजर शिकारी आहे, पण आकाराने लहान असल्यामुळे स्वतःही मोठ्या प्राण्यांची शिकार होऊ शकते. उंचावरून दोन्ही कामे साधतात, भक्ष्य दिसते आणि शत्रू पोचत नाही. शिवाय त्याला ऊब फार लागते. आपल्याला पंख्याखाली बरे वाटते त्या तीस अंशांच्या पुढेच मांजराला खरे सुख सुरू होते. थंडीत स्वयंपाक आटोपल्यावर शेगडीजवळचा दगड कोमट असतो, खिडकीतून ऊन येते, बाहेर कबुतरे दिसतात. मांजराच्या दृष्टीने सयाजीगंजात याहून चांगली जागा नाही.

आठवड्याने वही आली. साठाच्या वर नोंदी होत्या. बऱ्याचशा सकाळी दूध तापवताना आणि रात्री खरकटी भांडी पडलेली असताना. पण एक गंमत निघाली. रोज दुपारी साडेचारच्या सुमारास हमखास एक नोंद होती, आणि त्या नोंदीपुढे "नंतर काय झाले" हा रकाना कोरा. साडेचारला घरात एकटे आजोबा असतात. ते आपला चहा स्वतः करतात. चौकशीअंती कबुली मिळाली : "अहो, चमचाभर साय देतो तिला. मुकं जनावर आहे." कुठे देता? "तिथंच, ओट्यावर."

घरात बाकीचे चौघे तिला ओट्यावरून हाकलत होते आणि पाचवे तिला ओट्यावर बसवून साय भरवत होते! अशा वेळी मांजर काय शिकते? कधी ओरडा मिळतो, कधी साय मिळते, तेव्हा चढून पाहावे. फायदा प्रत्येक वेळी मिळाला नाही, अधूनमधूनच मिळाला, तर सवय अधिक चिवट होते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी पुढे दाखवले. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस याच कारणाने घेत राहतो. (आणखी एक, मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडते. साय प्रेमाने दिली तरी.)

आपल्या आजी-पणजींनी हा नियम न वाचताच अर्धा अमलात आणला होता. जुन्या वाड्यांतून तुळईला शिंके टांगलेले असे आणि दुभत्याच्या कपाटाला जाळीचे दार असे. त्यांनी मांजराला वळण लावले नाही, दुधाला लावले! शिंक्याचं तुटलं की बोक्याचं फावणारच, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून शिंके घट्ट बांधीत. आपण शिंके काढले, फ्रीज आणला आणि पातेले मात्र ओट्यावरच निवत ठेवू लागलो.

तेव्हा पहिले काम माणसांचे. दूध निवले की आत, भांडी रात्रीच घासलेली, ओटा कोरडा पुसलेला, आजोबांची साय बंद. दुसरे, ओट्याच्या कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ठेवली. मांजराला पंजाला काही चिकटलेले मुळीच खपत नाही. स्वयंपाकाच्या वेळी पुठ्ठे उचलून ठेवायचे, शेगडीजवळ न्यायचेच नाहीत. हाकलण्यापेक्षा हे बरे, कारण ओटा स्वतःच नको म्हणतो, माणूस घरात असो वा नसो. ओरडून किंवा पाण्याचा फवारा मारून मांजर फक्त एवढेच शिकते, की बाबा घरात असताना चढू नये. शिवाय बाबांना भिऊ लागते.

इथे एक इशारा. ओट्यावर किंवा कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवणे, फिनाईल शिंपडणे, तिखट भुरभुरणे हे उपाय घरोघर सांगितले जातात. ते करू नयेत. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करणारी यंत्रणा फार दुबळी असते. फिनाईलने पुसलेल्या जागेवरून ते चालते, मग पंजे चाटते, आणि विष पोटात जाते. डांबराच्या गोळ्याही त्याला विषारीच. माणसाची तापाची पॅरासिटामॉल गोळी तर मांजराचा जीव घेऊ शकते, ती "अर्धीच" म्हणूनही देऊ नये.

तिसरे काम खऱ्या शिकवणीचे. नुसते "इथे नको" मांजराला शिकवता येत नाही; "इथे ये" शिकवता येते. म्हणून ओट्याच्या बदल्यात दुसरी जागा द्यावी लागते, आणि ती ओट्याहून वाईट असून चालत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, ओट्यापासून दूर, वडिलांनी एक रुंद फळी ठोकली. तिच्यावर आजींच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा तुकडा घातला. आणि खाली दाराजवळ एक जेवायचा पाट मांडला.

पाटावरची शिकवणी अशी. वेळ जेवणाआधीची, म्हणजे भूक असते. मनी फिरत फिरत पाटाजवळ आली आणि एक पंजा जरी पाटावर पडला, की लगेच तिच्या नेहमीच्या खाद्याचा एक दाणा पाटावरच टाकायचा. लगेच म्हणजे सेकंदभरात. उशीर झाला तर बक्षीस कशाचे ते तिला कळत नाही. तिला उचलून पाटावर बसवायचे नाही. स्वतःहून येऊ द्यायचे. चारी पाय आले की मगच दाणा, मग बसली की दाणा, मग पाच सेकंद बसली की, मग दहा. येऊ लागली की "पाट" हा शब्द म्हणायचा. दोन-तीन मिनिटांत शिकवणी संपवायची. हे दाणे रोजच्या वाट्यातूनच काढायचे, नाहीतर मांजर सुशिक्षित आणि लठ्ठ होते. आपल्या बडोदा राज्यात 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, पण मांजरावर सक्ती चालत नाही, हे इथे लक्षात ठेवावे.

साय बंद झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगी रडवेली होऊन आली. "बाई, ती पूर्वीपेक्षा जास्त चढायला लागलीय!" हे होणारच होते, मी आधी सांगायला हवे होते. नळाला पाणी आले नाही तर आपण काय करतो? तोटी आणखी पिळतो. नेहमीचा फायदा बंद झाला की सवय जाण्याआधी एकदा उसळी मारते. नेमक्या याच वेळी घरातले लोक हार मानतात, "घे बाई एकदाची" म्हणून चमचाभर देतात, आणि प्राणी शिकतो की अधिक जोर लावला की मिळते. आजोबांनी हात आवरला. मनी चढली की तिच्याकडे न पाहता, न बोलता खाली ठेवायचे एवढेच. याचे श्रेय त्यांना द्यायला हवे, कारण दुपारी साडेचारला ती म्यांव म्यांव करीत पायांत घुटमळे आणि पाहणारे कोणी नसे. पुढे त्यांनी युक्ती काढली. चहाचे आधण ठेवायच्या आधी ते स्वतःच "पाट" म्हणू लागले.

मनी पूर्ण सुधारली का? नाही. वहीतल्या शेवटच्या आठवड्यात ओट्यावरच्या नऊ नोंदी आहेत, त्यातल्या सात रात्रीच्या. आता रात्री स्वयंपाकघराचे दार लावून घेतात आणि सकाळी ओटा साबणाच्या पाण्याने धुऊन मगच कणीक मळतात. मांजर नसलेल्या घरातही हे करायला हरकत नाही.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी पूजेच्या नैवेद्याचे पातेले ओट्यावर होते. मनी खिडकीतल्या फळीवर बसून कबुतरे पाहत होती. पोत्याचा विषय कोणी काढला नाही. संध्याकाळी आजी मुलीला म्हणाल्या, "त्या गोधडीला ऊन दाखवून आण गं, वास येतोय." एवढेच.

स्वाध्याय : आपल्या घरात किंवा इमारतीत येणारे मांजर, कुत्रे, खार वा कबुतर यांपैकी एक प्राणी निवडा. सात दिवस वरीलप्रमाणे चार रकान्यांची वही ठेवा. प्राण्याला हात लावू नका, हाकलू नका, खायला घालू नका, फक्त लिहा. तो रोज एकाच जागी का येतो आणि त्याला तिथे नेमके काय मिळते, ते शेवटी पाच ओळींत लिहा. पालकांनी वहीवर सही करावी. शेवटचा रकाना कोरा असल्यास विशेष करून.