तिने सगळे सांगितले, आणि प्रभू थांबून ऐकत राहिला

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-३४



या तिमाहीच्या अभ्यासासाठी आपल्या सर्वांच्या ओळखीचा पाठ घेतला आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. प्रभूच्या वस्त्राला झालेला तिचा स्पर्श आपल्याला आठवतो. पण त्या स्पर्शानंतर काय घडले, याकडे मी स्वतः फार वर्षे नीट पाहिले नव्हते. सातपुड्यातील एका बहिणीमुळे मला ते पाहावे लागले. तिचे व गावाचे नाव मी देत नाही. ही हकिकत लिहायला तिने परवानगी दिली आहे.

१. एका बहिणीची हकिकत

ही बहीण पावरा समाजातली. वय सव्वीस, दोन लेकरे, आणि तिसऱ्या खेपेचा सातवा महिना. तिचा पाडा उंचावर, पाणी खाली नाल्यावर. हंडा घेऊन चढ चढताना तिला दोन-तीनदा खाली बसावे लागे. घरचे म्हणत, दिवस गेले आहेत म्हणून दम लागतो. पण दिवस जाण्याच्या आधीपासूनच, वर्षभर, तिला दम लागत होता.

ती घरी बसून राहिली नव्हती. भगताकडे गेली, कोंबडे दिले. बाजाराच्या गावी जाऊन सलाईन लावून घेतली. शेवटी दोन बकऱ्या आणि पायांतले चांदीचे कडे विकून नवऱ्याबरोबर शहरातल्या एका दवाखान्यात गेली. तेथे गर्दी होती. डॉक्टरांनी प्रश्न विचारला तो नवऱ्याला, आणि उत्तर दिले तेही नवऱ्याने : “अशक्त आहे, गॅस होतो.” तिला मराठी थोडेच येते. ती लाजली, म्हणून पोलके जेमतेम सरकवून घाईघाईने ईसीजीची पट्टी काढली. पट्टी नॉर्मल आहे असे सांगून टॉनिक लिहून दिले.

आता आमची चूक सांगते. ती पाड्यावरच्या आमच्या उपासनेला येत असे. आम्ही तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. दर आठवड्याला तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पण, “ताई, तुला नेमके काय होते?” असे तिच्याजवळ बसून कोणी विचारले नाही. मीही नाही. तिच्यासाठी मी देवाशी बोलत होते, तिच्याशी बोलत नव्हते.

एकदा आमच्याबरोबर एक अनुभवी सिस्टर आल्या. त्या तिच्या खाटेवर बसल्या आणि तिच्याच भाषेतून, शेजारणीच्या मदतीने, विचारू लागल्या. “रात्री झोपतेस कशी ग?” ती म्हणाली, “आडवी नाही होत. आडवी झाले की जीव घाबरतो. खांबाला टेकून बसून राहते.” किती दिवस? “होळीच्या आधीपासून.” मग सिस्टरांनी विचारले, लहानपणी कधी सांधे सुजले होते का? तिने आठवून सांगितले : आश्रमशाळेत असताना, दहा वर्षांची असेल तेव्हा, ताप येऊन आधी एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा, मग घोटा. दोन महिने घरी होती. पुढे आपोआप बरे झाले.

अर्धा तास लागला. वर्षभरात तिला कोणी इतका वेळ दिला नव्हता.

सिस्टरांनी हे सगळे चार ओळींत लिहून चिठ्ठी दिली, आणि मी तिच्याबरोबर दुसऱ्या रुग्णालयात गेले. तेथल्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी वाचली, पडदा ओढला, तिला डाव्या कुशीवर वळवले आणि बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकले. मग टू-डी इको करून घेतला. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप कडक होऊन आखडली होती. निरोगी माणसात ही झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. तिची एक चौरस सेंटिमीटरही उघडत नव्हती.

तिला औषधे सुरू झाली. बाळंतपण रुग्णालयातच, देखरेखीखाली झाले. मुलगी झाली. काही आठवड्यांनी शिरेतून बलून नेऊन झडप रुंद केली, आणि हे शासनाच्या योजनेतून झाले. घरी आल्यावर तिने मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आता ती आडवी झोपते.

पण दुसरीही गोष्ट सांगणे मला भाग आहे. त्याआधी दोन वर्षे, शेजारच्या पाड्यावरची एक बाई बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी दम लागून गेली. तिचेही सांधे लहानपणी सुजत, असे तिची आई आता सांगते. तेव्हा आम्ही विचारले नव्हते.

२. पाठाकडे पाहू या

मार्कने या स्त्रीविषयी तीन गोष्टी नोंदवल्या आहेत. तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले, जवळचे सर्व खर्चून टाकले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले. सातपुड्यातल्या बहिणीची हकिकत याहून वेगळी आहे का? शास्त्र वैद्यांचा तिरस्कार करत नाही. लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याचा उल्लेख प्रेमाने करतो (कलस्सै ४:१४). पण उपचाराच्या नावाखाली स्त्रीला सोसावे लागते, हे शास्त्र झाकूनही ठेवत नाही.

आता प्रसंग पाहा. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची मुलगी मरणाला टेकलेली. प्रभू त्याच्याबरोबर निघाला आहे, लोक रेटारेटी करत आहेत. अशा घाईत तो थांबतो. कोणी स्पर्श केला, असे विचारतो. शिष्यांना तो प्रश्नच निरर्थक वाटतो, कारण गर्दीत सगळेच अंगावर येत होते. स्त्री तर तेव्हाच बरी झाली होती. मग प्रभूला थांबायची काय गरज होती?

ती थरथर कापत पुढे आली आणि तिने सर्व काही खरे खरे सांगितले. बारा वर्षांची हकिकत दोन शब्दांत संपत नाही. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध मानलेली (लेवीय १५:२५-२७). तिचे दुखणे चारचौघांत बोलायचे नव्हते. याईर घायकुतीला आला असेल. तरी प्रभूने तिला मध्येच तोडले नाही, तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाला विचारले नाही. तिचे ऐकून घेतले, तिला मुलगी म्हणून हाक मारली, आणि शांतीने पाठवले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, दुःखिताचे पूर्ण ऐकणे हा सेवेचा भाग आहे. दुसरी, त्या स्त्रीने हात पुढे केला यालाच प्रभूने विश्वास म्हटले. आपल्या अनेक बहिणींना वाटते, दुखणे सांगणे म्हणजे कुरकुर, आणि तपासणी मागणे म्हणजे विश्वासात उणेपणा. तसे नाही. बरे होण्यासाठी हात पुढे करणे हाच येथे विश्वास ठरला आहे.

३. तपासणीविषयी समजून घेऊ या

आपल्या बहिणीला झालेल्या आजाराला संधिवाताचा हृदयविकार म्हणतात. सुरुवात घशापासून होते. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एका विशिष्ट जंतूमुळे घसादुखी व ताप येतो. त्यावर वेळीच उपचार झाला नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे एकामागून एक सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर व्रण राहू शकतात. दाटीची घरे, भरगच्च वसतिगृहे आणि दूरचे दवाखाने जेथे आहेत, तेथे हा आजार अधिक. मायट्रल झडप आखडण्याचा प्रकार स्त्रियांत जास्त आढळतो. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते आणि अरुंद झडपेवर भार येतो. म्हणून पुष्कळदा तो तेव्हाच उघड होतो.

ईसीजीची पट्टी हृदयातल्या विजेची नोंद करते. झडप किती उघडते हे ती दाखवत नाही. म्हणून पट्टी नॉर्मल आली म्हणजे हृदय निरोगीच, असे धरू नये. शिवाय पट्टी नीट काढली पाहिजे. तिचे कप उघड्या छातीवर ठरलेल्या जागीच लागावे लागतात. लाजेपोटी ते कपड्यावर किंवा वर-खाली लावले, तर नोंद चुकते. म्हणून पडद्याची सोय आणि जवळ एखादी स्त्री असावी, असे मागायला संकोच करू नये. योग्य तपासणीसाठी त्याची गरजच आहे.

टू-डी इकोमध्ये ध्वनिलहरींनी झडपा हलताना दिसतात. सुई नाही, वेदना नाही, आणि पोटातल्या बाळाला धोका नाही.

रक्त कमी असल्यानेही दम लागतो. आपल्या भागात सिकलसेलही आहे, म्हणून हिमोग्लोबिन व सिकलसेलची तपासणी हवीच. पण दोन्ही आजार एकत्र असू शकतात. लोहाच्या गोळीने झडप उघडत नाही.

शहरातल्या माता-भगिनींनीही हे लक्षात ठेवावे. हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांच्याही छातीत दुखते वा दाटते. पण त्यासोबत किंवा कधी त्याऐवजी धाप, मळमळ, घाम, जबडा-पाठ-खांद्यात दुखणे, विलक्षण थकवा अशी लक्षणे असतात, आणि ती पित्त समजून अंगावर काढली जातात. अशा वेळी १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असा वैद्यकीय दंडक आहे. पहिली पट्टी ठीक आली आणि त्रास चालूच राहिला, तर ती पुन्हा काढतात, आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने करतात.

स्टेथोस्कोपचा जन्मही एका स्त्रीच्या तपासणीतून झाला. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. रेने लाएनेक यांच्याकडे हृदयाची लक्षणे असलेली एक तरुणी आली. त्या काळी डॉक्टर छातीला कान लावून ऐकत. ते त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसऱ्याला कान लावला, आणि ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. तिची लाज राखली गेली आणि ऐकणेही सुधारले.

४. आपण काय करू शकतो?

मंडळीतल्या आजारी बहिणीसाठी प्रार्थना करण्यापूर्वी तिच्याजवळ बसून तिलाच चार प्रश्न विचारा. दम कशाने लागतो? आडवे झोपता येते का? लहानपणी सांधे सुजले होते का? पायांवर सूज येते का? उत्तरे कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. बोलीभाषा जाणणारी एक सोबतीण बरोबर पाठवा.

आश्रमशाळेतल्या मुलांची घसादुखी व सांध्यांची सूज हलकी समजू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते, त्या दिवशी अशी मुले पुढे करा. ज्यांना हा आजार झाला आहे, त्यांना साधारण दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन कित्येक वर्षे घ्यावे लागते. एक चुकले तरी आजार उलटू शकतो. आपल्या बहिणीची तारीख आम्ही उपासनेच्या वहीत लिहून ठेवली आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. पण पाड्यावरून निघायची जीप, बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या लेकरांचे जेवण, यांची सोय कोणीतरी करावी लागते. तुमची देणगी येथे उपयोगी पडते, आणि त्याहूनही अधिक उपयोगी पडतो तो बरोबर जाणाऱ्याचा एक दिवस.

मननासाठी प्रश्न

१. याईराच्या घरी जाण्याची घाई असताना प्रभू का थांबला असेल?
२. आपल्या मंडळीत अशी कोणती बहीण आहे, जिच्यासाठी आपण प्रार्थना करतो, पण जिचे दुखणे आपण पूर्ण ऐकलेले नाही?
३. आपल्या घरातली स्त्री आपले दुखणे कोणाला सांगते? तिच्याऐवजी कोण उत्तर देते?

प्रार्थना

हे प्रभू, तू गर्दीत थांबलास आणि एका स्त्रीचे सगळे ऐकून घेतलेस. आमची घाई आम्हांला क्षमा कर. ज्या बहिणी आज रात्री खांबाला टेकून बसल्या आहेत, त्यांच्यापर्यंत आम्हांला ने. डॉक्टर व परिचारिका यांना जागरूक कान आणि कोमल हात दे. तुझ्या नावाने मागतो. आमेन.